क्लबहाउसवरची बाग

सकाळचे नऊ वाजून गेले होते. आक्काने छतावर जाणारं लोखंडी दार ढकललं, तर ते हलेना. खांदा लावला, तरी हलेना. शेवटी पाठ टेकवून असा जोर केला की दार करकरत उघडलं आणि ती तोल जाऊन पडता पडता राहिली. "तेल नाही, पाणी नाही, काही बघत नाहीत मेले," असं पुटपुटत तिने मागे वळून पाहिलं. दाराची चौकट एका अंगाला तिरकी झाली होती. काल संध्याकाळी तर दार एका बोटाने लागलं होतं.

आक्का म्हणजे तळ्याकाठच्या त्या नव्या वसाहतीची माळीणबाई. वयाने पंचावन्नच्या पुढे, बांधा काटक, तीस वर्षं रोपवाटिकेत घालवलेली. वसाहत होती मोठी देखणी. तळ्याकडे तोंड केलेले चार काचेचे मनोरे, माथ्यावर सूर्याच्या विजेचे पत्रे, सांडपाणी गाळून पुन्हा बागेला देणारं यंत्र, खाली गाड्यांना वीज भरायची सोय. या सगळ्याचा मानाचा तुरा म्हणजे क्लबहाउसच्या छतावरची बाग. काँक्रीटवर दीड फूट माती, तिच्यावर गवत, झुडपं आणि माणसाच्या उंचीची बावीस झाडं. विक्रीच्या चकचकीत पुस्तिकेत तिला 'आकाशातलं जंगल' म्हटलं होतं. आक्का म्हणायची, "जंगल कसलं? नाकापेक्षा मोती जड!"

बागेला पाणी घालणं मात्र तिच्या हातात नव्हतं. मातीत जागोजागी पांढऱ्या टोपीच्या खुंट्या रोवल्या होत्या. माती ओली की कोरडी ते त्या खुंट्या भिंतीवरच्या पेटीला सांगायच्या, आणि पाणी कधी सोडायचं ते पेटी ठरवायची. एक जरी खुंटी कोरडं म्हणाली, की पेटी साऱ्या बागेला पाणी सोडायची. "आक्का, तुम्ही फक्त तण काढा. पाण्याचं सेन्सर बघेल," असं मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गेले आठ-दहा दिवस आक्काला चैन नव्हती. उन्हाने तळं आटून काठचा चिखल तडकला होता, आणि छतावरची माती मात्र पायाला थंडगार, लोण्यासारखी मऊ लागत होती. झुडपांची पानं पिवळी पडू लागली होती. तिने साहेबांना दोनदा सांगून पाहिलं. साहेबांनी दोन्ही वेळा फोन काढून दाखवला. "हे बघा, कोरडं म्हणतोय."

"साहेब, त्याने चप्पल काढून चालून बघितलंय का?"

साहेब खळखळून हसले. माणूस वाईट नव्हता. पण चार मनोऱ्यांची कटकट एकट्याच्या डोक्यावर, त्यात रोज फ्लॅट बघायला येणारे पाहुणे. माळीणबाईच्या तळपायावर विश्वास ठेवायला त्यांना फुरसत नव्हती.

आज आक्का दारातून दोन पावलं पुढे आली आणि थबकली. फरशीच्या वाटेवर गांडुळं होती. दहा-वीस नव्हे, शेकड्यांनी. मातीतून निघून ती उघड्या उन्हात आली होती, काही फरशीवर चिकटून वाळूनही गेली होती. जीव गुदमरल्याशिवाय गांडूळ उन्हात येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तिने चप्पल काढून गवतावर पाय ठेवला. पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि उचलला तेव्हा खड्डा डोळ्यांदेखत पाण्याने भरला. कुजक्या मुळांचा वास आला. खुरप्याचा लांब दांडा तिने मातीत खुपसला. तो सरळ तळापर्यंत गेला, आणि बाहेर आला तो वरपासून खालपर्यंत ओला. दीड फूट माती नव्हतीच ती. दीड फूट चिखल होता, साऱ्या छतावर पसरलेला.

मग हे पाणी निघून का जात नाही? ती कडेकडेने मोऱ्या शोधू लागली. गोट्यांच्या पट्ट्याखाली पहिली मोरी सापडली. तिच्या तोंडावर काळी रबरी टोपी घट्ट बसवलेली होती. दुसरीवर तशीच टोपी. तिसरीवरही. आक्काला एकदम आठवलं. तीनेक आठवड्यांपूर्वी मोऱ्यांचं गढूळ पाणी खालच्या काचेच्या भिंतीवर ओघळतं म्हणून रहिवाशांनी बोंब ठोकली होती, आणि "दोन दिवसांत करतो काहीतरी" असं साहेब म्हणाले होते. काहीतरी केलं होतं खरं. दोन दिवसांसाठी केलेलं ते काम तसंच राहून गेलं होतं.

ती गुडघ्यावर बसली आणि खुरप्याच्या टोकाने टोपी उचकटू लागली. टोपीला लोखंडी पट्टी आवळलेली, तिला स्क्रू. खुरपं घसरलं, बोट कापलं, पण टोपी तसूभर हलली नाही.

तेवढ्यात खालून आवाज आला.

टक्.

फार मोठा नव्हता. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तेवढाच. पण तो कानाने नाही, गुडघ्यांतून ऐकू आला. आक्का जागच्या जागी गोठली. तिने मान वर केली, आणि तेव्हा तिला दिसलं की बागेच्या मधोमध पाणी चमकतंय. काल तिथे पाणी नव्हतं. छत मध्ये खोलगट झालं होतं आणि सगळं पाणी तिथे गोळा होत होतं. त्याच्या काठची दोन झाडं एकमेकांकडे झुकली होती.

टक्. टक्.

या खाली काय आहे ते तिला सांगायला नको होतं. खाली पोहण्याचा तलाव होता. साडेनऊ वाजत आले होते, म्हणजे म्हाताऱ्या बायकांचा पाण्यातला व्यायाम सुरू झाला असणार. आणि त्या वर्गाची शिक्षिका होती तिचीच सून.

पळावं असं वाटलं, पण पळायची छाती होईना. आपल्याच धावण्याने ते खाली गेलं तर? भिंतीला अंग घासत, श्वास रोखून, झोपलेल्या कुत्र्याजवळून जावं तशी ती दारापर्यंत गेली. जिन्यात पाय पडला तेव्हा कुठे तिने श्वास सोडला आणि फोन लावला.

"साहेब, छत वाकतंय! मोऱ्यांना टोप्या घातल्यात, सगळं पाणी वर साठलंय. खाली माणसं आहेत!"

"आक्का, मी पाहुण्यांबरोबर आहे. दहा मिनिटांत येतो." आवाज हळू झाला. "आणि कोणाला उगाच घाबरवू नका, हं?"

फोन बंद. दहा मिनिटं!

तलावाच्या दालनात शिरली तेव्हा तिला क्षणभर स्वतःचाच संशय आला. किती शांत होतं तिथे! निळं पाणी, काचेपलीकडे तळ्याचा उजेड, वर लाकडी पट्ट्यांचं सुंदर छत, हळू वाजणारं संगीत. नऊ बायका रबरी टोप्या घालून काठाला धरून पाय मारत होत्या. सून काठावर उभी, गळ्यात शिट्टी. "गुडघा वाकवू नका! एक, दोन…"

लाकडी छतातून एक थेंब पडला. मग दुसरा. पाण्यात पडत होते, म्हणून कोणाला कळत नव्हतं.

सासू-सुनेत गेले तीन आठवडे धड बोलणं नव्हतं. मुलगा नोकरीसाठी परगावी, घरात या दोघीच. शेजारणीसमोर आक्का सहज बोलून गेली होती, "आमच्या हिचं काय, दिवसभर पाण्यात डुंबायचं आणि त्याला काम म्हणायचं." चेष्टाच होती ती. पण सुनेच्या जिव्हारी लागली. तेव्हापासून "भात लावलाय" आणि "किल्ली कुठे" एवढंच बोलणं.

"अगं, सगळ्यांना बाहेर काढ," आक्का तिच्या कानाशी लागून म्हणाली. "छत पडतंय."

सुनेने वर पाहिलं. वर सगळं नीटनेटकं दिसत होतं. "काय म्हणताय, आई?"

"वर पाणी साठलंय. मी आवाज ऐकला. काढ बाहेर!"

पण पाण्यातल्या बायकांचे कान तिखट. "काय झालं आक्काला?" एकीने विचारलं. आक्काने मोठ्याने सांगितलं, तशा दोघीतिघी हसल्या. "अहो, इमारतीला वर्ष नाही झालं! पडेल कशी?" दुसरी म्हणाली, "उन्हात फार काम करता तुम्ही. बसा जरा, पाणी प्या." एकीने तर पाय मारणंही थांबवलं नाही.

"साहेबांना विचारू का एकदा?" सून चाचरत म्हणाली.

"विचारायला वेळ नाही गं!"

वर कुठेतरी पुन्हा टक् झालं. संगीतात ते विरून गेलं, पण आक्काने ऐकलं. खरं सांगून कोणी हलत नव्हतं. मग तिच्या तोंडून जे निघालं ते कुठून आलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

"अहो बायांनो, पाण्यात मैला आलाय!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. "सांडपाण्याचा पाइप फुटला! संडासाचं पाणी तलावात येतंय!"

नऊ बायकांनी वळून सुनेकडे पाहिलं.

हे खोटं आहे हे सुनेला पक्कं माहीत होतं. तलावाचे पाइप वेगळे, गाळलेल्या सांडपाण्याचे वेगळे. रोज सकाळी तीच पाणी तपासत होती. तिने सासूकडे पाहिलं. सासूच्या कापलेल्या बोटातून रक्त ठिबकत होतं, कोपरापर्यंत चिखल होता, आणि ओठ थरथरत होते. इतक्या वर्षांत सुनेने तिला रागावलेली पाहिली होती, रुसलेली पाहिली होती, घाबरलेली कधी पाहिली नव्हती.

तिने शिट्टी तोंडात घातली आणि कानठळ्या बसतील अशी फुंकली.

"सगळ्या बाहेर! आत्ताच्या आत्ता! आंघोळीच्या खोलीकडे नको, मागच्या दाराने बाहेरच्या बागेत! चला!"

मग काय विचारता! छत पडतंय म्हटल्यावर न हललेल्या बाया मैला म्हटल्यावर अशा उसळल्या, की पायऱ्यांवर गर्दी झाली. कोणी नाक धरलं, कोणी "शी शी" करत टॉवेलही न घेता दाराकडे पळाली. आक्का दार धरून उभी होती आणि मोजत होती. चार. पाच. सात. आठ.

नववी कुठे आहे?

नववी म्हणजे हेडबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, दोन्ही गुडघे निकामी. पाण्यात त्या माशासारख्या फिरायच्या, पण बाहेर यायला त्यांना खुर्चीचा पाळणा लागायचा. त्या अजून तलावाच्या मध्यावर होत्या.

"तो पाळणा सोडा, बाई," सून म्हणाली आणि तिने थेट पाण्यात उडी घेतली.

आक्काचा जीव टांगणीला लागला. तिची नजर छतावरून हलेना. लाकडी पट्ट्यांचा मधला भाग आता उघडउघड फुगला होता, आणि थेंबांची धार झाली होती. गढूळ धार. काचेच्या भिंतीतून कुं कुं असा आवाज येऊ लागला, पाळीव जनावर कण्हावं तसा. दारातून बाहेर दोन पावलांवर मोकळं आकाश होतं. जावं बाहेर, असं तिला वाटलं. अगदी खरं सांगायचं तर पायाने एक पाऊल टाकलंही. मग ती मागे वळली, धावत पायऱ्यांशी आली आणि गुडघाभर पाण्यात उतरली.

सुनेने हेडबाईंना काखेत धरून आणलं. आक्काने दंड पकडले. एकीने ओढलं, दुसरीने खालून ढकललं. "माझे गुडघे!" हेडबाई कळवळल्या. "असू द्या गुडघे!" आक्का ओरडली. तिघी कशाबशा काठावर आल्या आणि फरफटत दाराकडे निघाल्या.

नेमके तेव्हाच समोरच्या दाराने मॅनेजरसाहेब आले. रागाने लाल. "आक्का! हा काय तमाशा लावलाय? पाहुण्यांसमोर मैला मैला ओरडता? कोणी सांगितलं तुम्हाला…"

"साहेब, मागे व्हा!"

"मी नोकरीवरून…"

"अहो, वर बघा!"

साहेबांनी वर पाहिलं. एक लाकडी पट्टी सुटून त्यांच्यापुढे पाण्यात पडली. त्यांची बोबडीच वळली. ते वळले, धावले, आणि त्याच क्षणी वरून जो आवाज झाला तो आक्काला पुढे कधीच शब्दांत सांगता आला नाही. डोंगर बसावा तसा. छताचा मधला भाग चिखल, गवत, झाडं यांच्यासकट तलावात कोसळला. तलावातलं पाणी भिंतीसारखं उभं राहिलं, मागच्या दारातून बाहेर फुटलं, आणि तिघी बागेच्या गवतावर जाऊन आपटल्या.

नंतर एकदम शांतता. फक्त कुठेतरी पाइपातून पाणी भुळुभुळु वाहत होतं. ती पेटी अजूनही झाडांना पाणी पाजत होती.

आक्का उठून बसली. सून कुठे आहे? सून शेजारीच होती, हेडबाईंचं डोकं मांडीवर घेऊन. शिट्टी कधी कोण जाणे पुन्हा तिच्या ओठांत गेली होती, आणि श्वासागणिक ती बारीक वाजत होती. तिला ते कळतही नव्हतं. आक्काने हात पुढे करून शिट्टी तिच्या तोंडातून काढली, तशी सून मोठ्याने रडू लागली.

माणूस एकही गेला नाही. साहेबांच्या मांडीचं हाड मोडलं, खांद्याला चौदा टाके पडले. हेडबाईंचा गुडघा सुजला. एवढ्यावर निभावलं.

पण भीती संपली नव्हती. चौथ्या दिवशी आक्काला मुख्य कचेरीतून बोलावणं आलं. लांब टेबलापलीकडे बांधकाम कंपनीचे तिघे बसले होते, इस्त्रीच्या कपड्यांत. त्यांतल्या एकाने गोड आवाजात विचारलं, "बाई, त्या दिवशी रबरी नळी चालू ठेवून विसरला होतात का? होतं असं. वय झालं की."

आक्काच्या पायाखालची जमीन सरकली. पुन्हा सरकली, असंच म्हणायचं. छत पडलं ते दिसत तरी होतं. हे ओझं दिसतही नव्हतं. दोन ओळी कागदावर लिहिल्या की सगळं खापर आपल्या डोक्यावर फुटणार, आणि आपल्याजवळ पुरावा काय, तर ओल्या मातीत रुतलेला पाय!

"छतावर रबरी नळीच नाही," शेजारून आवाज आला. सून तिच्याबरोबर आली होती. बाहेर थांबा म्हटलं तरी ती आत येऊन बसली होती. "नळाची तोटीसुद्धा नाही. एकदा वर जाऊन बघून या. आता वर जायला राहिलंय तेवढं."

"तुम्हाला कोणी विचारलं नाही, मॅडम."

"नाही ना? म्हणूनच सांगतेय."

त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढचे बारा दिवस आक्काने घरात अन्नाला नीट हात लावला नाही. दाराची कडी वाजली की तिच्या काळजात धस्स व्हायचं. तिकडे हेडबाईंनी मात्र चळवळ केली. व्यायामाच्या वर्गातल्या आठही जणींच्या सह्या घेतल्या आणि चौकशीला येणाऱ्या सरकारी इंजिनियरला गाठून शाळेच्या सुरात सांगितलं, "त्या पेटीची नोंद काढा. सगळी. आमच्यासमोर."

नोंद निघाली. पेटीने एकोणीस दिवस पाणी बंदच केलं नव्हतं. नव्या पुस्तिकेसाठी फोटो काढणाऱ्यांनी एक पांढरी खुंटी मध्ये येते म्हणून उपटून कडेच्या शोभेच्या टेकाडात खोचली होती. ते टेकाड आतून थर्माकोलचं, वर चार बोटं माती. तिथे पाणी ठरतच नव्हतं. म्हणून खुंटी बिचारी रात्रंदिवस 'कोरडं, कोरडं' सांगत राहिली, आणि पेटी पाणी सोडत राहिली.

राहिल्या टोप्या. त्यांचा कोणी धनी होईना. आणि मग ज्याची कोणालाच आशा नव्हती ते झालं. इस्पितळात पाय टांगलेल्या मॅनेजरसाहेबांनी स्वतः जबाब दिला. "टोप्या मीच बसवायला सांगितल्या. वरून हुकूम होता, पण सांगितलं मी. आणि माळीणबाईंनी मला दोनदा बजावलं होतं. मी हसलो."

आक्का त्यांना भेटायला गेली. तिला बघताच साहेब म्हणाले, "मैल्याचं कसं सुचलं हो तुम्हाला?"

"भीतीने सुचलं, साहेब. शहाणपणाने नाही."

चौकशी लांबत गेली. कंपनीवर खटला उभा राहिला. वसाहतीतल्या निम्म्या लोकांनी दुसरीकडे घरं बघायला सुरुवात केली. आक्काच्या डोक्यावरचा ठपका मात्र पुसला गेला. रहिवाशांनी निरोप धाडला, की जमिनीवरची, तळ्याकाठची बाग आता तुमच्या मर्जीने करा. पाणीही तुमच्याच हाताने. सुनेला उघड्यावरच्या लहान तलावावर वर्ग घ्यायला बोलावलं.

ठरल्या दिवशी दोघी सकाळी निघाल्या. वसाहतीच्या फाटकापर्यंत व्यवस्थित आल्या. आत काचेचे मनोरे उन्हात लखलखत होते. आक्काचे पाय थांबले.

"काय झालं?" सुनेने विचारलं.

"काही नाही. चप्पल."

चपलेला काही झालं नव्हतं. सुनेने तिच्याकडे पाहिलं, मनोऱ्यांकडे पाहिलं, आणि फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर टेकली. आक्काही टेकली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पहारेकरी दोनदा डोकावून गेला.

"खरं सांगू का, आई?" सून म्हणाली. "माझं पोट मघापासून ढवळतंय."

"मग आधी बोलायचं नाही का?"

"तुम्ही म्हणाल, हिला काम नको, नुसतं डुंबायला हवं."

आक्काला असं हसू फुटलं की पदर तोंडावर धरावा लागला. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. सूनही हसू लागली.

"उद्या येऊ," आक्का म्हणाली.

"उद्याही नाही जमलं तर?"

"तर परवा."

दोघी उठल्या आणि आल्या वाटेने घरी परतल्या. दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत गेल्या, तिथल्या पहिल्या झाडापर्यंत. तिसऱ्या दिवशी आक्काने कुदळ हातात घेतली.